छेद आणि प्रांत: अपूर्णांकांची कॅटेगरी आणि आंशिक फले यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात रविवारी सकाळी भरणाऱ्या आमच्या छोट्या अभ्यासवर्गाला धुळे, अमळनेर, शहादा, भुसावळ इथून एम.एस्सी.चे विद्यार्थी येतात आणि आठवडाभर त्यांचे प्रश्न व्हॉट्सॲपवर येत राहतात. त्यांपैकी जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. कॅटेगरी, फंक्टर आणि पुलबॅक या संकल्पना वाचकाला ठाऊक आहेत असे गृहीत धरले आहे. मॉर्फिझमला सर्वत्र ‘बाण’ म्हटले आहे, अ, ब, क, ड, ई, ह ही वस्तूंची नावे आहेत, आणि ग∘फ म्हणजे आधी फ, मग ग. आयडेंटिटी बाण ‘१’ असा आणि त या बाणाचा व्यस्त त* असा लिहिला आहे.

१. अपूर्णांकांची कॅटेगरी म्हणजे काय? शाळेतल्या अपूर्णांकांशी तिचा खरोखर संबंध आहे, की नुसते नावच सारखे?

संबंध खरा आहे. पूर्णांकांच्या विश्वात २ ने गुणता येते, पण ते गुणणे उलटवता येत नाही, म्हणून आपण शून्येतर पूर्णांकांना व्यस्त बहाल करतो आणि परिमेय संख्या मिळवतो. कॅटेगरीत हेच काम बाणांवर करायचे असते. एक कॅटेगरी आणि तिच्यातल्या बाणांचा एक वर्ग छ (छेदांचा छ) दिलेला असतो, आणि आपल्याला अशी नवी कॅटेगरी हवी असते की तिच्यात छ मधला प्रत्येक बाण आयसोमॉर्फिझम होईल आणि त्यापलीकडे काहीही जास्तीचे घडणार नाही. ‘जास्तीचे काही नाही’ याचा काटेकोर अर्थ असा: जो कोणता फंक्टर छ मधल्या सर्व बाणांना आयसोमॉर्फिझमवर नेतो, तो या नव्या कॅटेगरीतून एकाच प्रकारे जातो. पीटर गाब्रिएल आणि मिशेल झिसमन यांनी १९६७ साली हा विषय पद्धतशीर मांडला आणि ‘अपूर्णांकांचे कलन’ ही संज्ञा त्यातूनच रूढ झाली.

२. छ वर कोणतीही अट न घालता ही कॅटेगरी बनतेच ना? मग एवढ्या अटी कशाला?

बनते. अ पासून ब पर्यंत जाताना मूळ बाण सरळ आणि छ मधले बाण उलट दिशेने वापरत नागमोडी वाटा काढायच्या आणि ज्या वाटा नाइलाजाने समान मानाव्या लागतात तेवढ्याच समान मानायच्या. अडचण अशी की या वाटा कितीही लांब असू शकतात, आणि दोन वाटा समान आहेत की नाहीत हे ठरवण्याची सर्वसाधारण रीत उरत नाही. परिमेय संख्यांच्या बाबतीत आपण ‘३ ने गुणा, ५ ने भागा, ७ ने गुणा, २ ने भागा’ असे लांबण लावत नाही, २१/१० म्हणून मोकळे होतो. पुढच्या प्रश्नातल्या अटी नेमकी हीच सोय देतात: प्रत्येक वाट दोन पावलांची होते, एक छेदाचे आणि एक अंशाचे.

३. त्या अटी कोणत्या? पाठ होतात, पण का आहेत ते कळत नाही.

दोन पावलांच्या वाटेला स्पॅन म्हणतात. ड ही मधली वस्तू, तिच्यापासून त : ड → अ हा छ मधला बाण आणि फ : ड → ब हा कोणताही बाण, अशी जोडी (त, फ) लिहितात आणि तिचा अभिप्रेत अर्थ फ∘त* असा असतो. आता ब पासून क कडे जाणारा दुसरा स्पॅन (थ, ग) घ्या, जिथे थ : ई → ब हा छ मध्ये आहे. दोन्ही एकापुढे एक जोडले की ग∘थ*∘फ∘त* अशी चार पावले होतात आणि मधले थ*∘फ हे चुकीच्या क्रमात अडकून पडते, कारण आपल्याला सगळे छेद एका बाजूला हवे आहेत.

गुणाकार क्रमनिरपेक्ष असता तर अदलाबदल करून काम भागले असते. इथे तो नाही, म्हणून अदलाबदलीची परवानगी अट म्हणून मागून घ्यावी लागते. फ : ड → ब आणि छ मधला थ : ई → ब दिले असता, छ मधला थ′ : ह → ड आणि फ′ : ह → ई असे सापडले पाहिजेत की फ∘थ′ = थ∘फ′ होईल. मग थ*∘फ च्या जागी फ′∘थ′* लिहिता येते आणि संपूर्ण संयोजन (त∘थ′, ग∘फ′) या एका स्पॅनमध्ये मावते. या अटीला ऊर यांची अट म्हणतात. नॉर्वेचे गणितज्ञ ऊस्टाइन ऊर यांनी १९३१ मध्ये क्रमनिरपेक्ष नसलेल्या वलयांसाठी ती मांडली. चौकोन पुरा करण्याची ही क्रिया म्हणजे आपल्या अंकगणितातला समच्छेदच होय, आणि हा शब्द भास्कराचार्यांच्या अंकगणितातला आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळ पाटण येथे आहे, त्यामुळे खानदेशात तरी या क्रियेला परके नाव वापरण्याची मला गरज वाटत नाही.

उरलेल्या अटी दोन. छ मध्ये सर्व आयडेंटिटी असाव्यात आणि छ संयोजनाखाली बंद असावा, ही सोपी. दुसरी काट मारण्याची: छ मधल्या एखाद्या थ साठी थ∘फ = थ∘ग असेल, तर छ मधला असा थ′ असावा की फ∘थ′ = ग∘थ′ होईल. थ ला व्यस्त मिळाला की फ आणि ग आपोआप समान होणार आहेत, तेव्हा ती समानता मूळ कॅटेगरीतच उजवीकडे एक छेद लावून दिसली पाहिजे, एवढेच ही अट सांगते. छ मधले सर्व बाण मोनिक (म्हणजे डावीकडून काटता येणारे) असतील तर ती फुकट मिळते, कारण तेव्हा फ = ग हेच निघते.

४. दोन अपूर्णांक समान कधी? तिरपा गुणाकार चालतो का?

तिरप्या गुणाकाराला क्रमनिरपेक्षता लागते, म्हणून तो चालत नाही. चालतो तो समच्छेद. (त, फ) आणि (थ, ग) हे अ पासून ब कडे जाणारे दोन स्पॅन आहेत, त्यांच्या मधल्या वस्तू ड आणि ई. एखादी वस्तू ह आणि प : ह → ड, र : ह → ई हे बाण असे असतील की त∘प = थ∘र होते, हा समान बाण छ मध्ये आहे, आणि फ∘प = ग∘र सुद्धा होते, तर ते दोन स्पॅन सममूल्य.

संख्यांवर पडताळून पाहा. एकच वस्तू आणि धन पूर्णांक हेच बाण, संयोजन म्हणजे गुणाकार. २/४ म्हणजे (४, २), आणि ३/६ म्हणजे (६, ३). प = ३ आणि र = २ घेतले की छेद दोन्हीकडे १२ होतो, अंश दोन्हीकडे ६ होतो, आणि काम झाले.

इथे उत्तरपत्रिकांत हमखास होणारी एक चूक नोंदवतो. त∘प छ मध्ये असावा लागतो, प आणि र स्वतंत्रपणे छ मध्ये असण्याची सक्ती नाही. शिवाय हा संबंध संक्रामक आहे हे उघड नसून त्याच्या सिद्धतेत ऊर यांची अट आणि काट मारण्याची अट अशा दोन्ही लागतात. ‘हे स्पष्टच आहे’ असे लिहिले की गुण जातात, आणि ते जायलाच हवेत.

५. आंशिक फल म्हणजे काय, आणि त्यालाही स्पॅनच कशाला लागतो?

संच अ च्या प्रत्येक घटकाला किंमत न देणारे, काहींनाच देणारे फल म्हणजे आंशिक फल. त्याचा प्रांत हा अ चा उपसंच ड असतो, म्हणून त्याची माहिती दोन बाणांत मावते: त : ड → अ हा समावेशाचा बाण आणि फ : ड → ब हे प्रत्यक्ष फल. म्हणजे हा स्पॅनच झाला, फक्त डावा पाय मोनिक आहे. सर्वसाधारण कॅटेगरीत मोनिक बाणांचा एक वर्ग म निवडायचा. त्यात सर्व आयसोमॉर्फिझम असावेत, तो संयोजनाखाली बंद असावा, आणि म मधल्या बाणाचा कोणत्याही बाणालगतचा पुलबॅक अस्तित्वात असून तोही म मध्ये असावा.

संयोजन कसे होते ते आमच्याच वर्गावर पाहू. समजा नोंदणीच्या तक्त्यात सात जण आहेत आणि त्यांपैकी पाच जणांनी आपले गाव भरले आहे. हे विद्यार्थ्यांपासून गावांकडे जाणारे आंशिक फल. पर्जन्यमापक महसूल मंडळाच्या ठिकाणी असतो, प्रत्येक गावी नाही, म्हणून ‘गावापासून कालच्या पावसाच्या नोंदीकडे’ हेही आंशिक फल. समजा त्या पाचांपैकी तिघांच्याच गावी पर्जन्यमापक आहे. तर ‘विद्यार्थ्यापासून पावसाच्या नोंदीकडे’ हे संयोजन तिघांवरच अर्थपूर्ण आहे: ज्यांनी गाव भरले, आणि ज्यांचे गाव दुसऱ्या फलाच्या प्रांतात बसते. हे तिघे म्हणजेच पुलबॅक. संयोजनाची साहचर्यता पुलबॅक एकाशेजारी एक चिकटवता येतात यावरून निघते.

दोन आंशिक फले समान कधी, याचे उत्तर प्रश्न ४ पेक्षा फार कडक आहे. दोन्ही पायांशी जुळणारा आयसोमॉर्फिझम ड → ड′ असला तरच ती समान. तिघांची यादी वेगळ्या क्रमाने लिहिली तर फल बदलत नाही. तिघांतला एक गाळला तर मात्र बदलते.

६. दोन्हीकडे स्पॅन, दोन्हीकडे संयोजन जवळपास सारखेच. मग फरक नेमका कुठे आहे?

फरक समानतेत आहे. आंशिक फल आपला प्रांत लक्षात ठेवते, अपूर्णांक तो विसरतो.

हे डोळ्यांनी पाहण्यासाठी म मधला एकच बाण त : ड → अ घ्या. (१, त) हा ड पासून अ कडे जाणारा पूर्ण बाण आणि (त, १) हा अ पासून ड कडे जाणारा आंशिक बाण. ड पासून अ कडे जाऊन परत आलो तर त चा त लगतचा पुलबॅक घ्यावा लागतो, आणि त मोनिक असल्यामुळे तो ड हाच येतो. म्हणजे आयडेंटिटी मिळाली. अ पासून ड कडे जाऊन परत आलो तर मिळतो (त, त): ड वर काहीच न करणारा आणि ड बाहेर मौन बाळगणारा बाण. आंशिक फलांच्या कॅटेगरीत हा आयडेंटिटी नव्हे, म्हणून त ला तिथे एकाच बाजूचा व्यस्त मिळतो. अपूर्णांकांच्या कॅटेगरीत मात्र (त, त) आणि (१, १) हे प्रश्न ४ मधल्या व्याख्येने सममूल्य ठरतात, जसे ५/५ आणि १/१, आणि व्यस्त दोन्ही बाजूंनी पुरा होतो.

प्रश्न ५ मधल्या अटी पाळणारा म हा छेदांचा वर्ग म्हणून आपोआप चालतो, कारण पुलबॅकमुळे ऊर यांची अट आणि मोनिकपणामुळे काट मारण्याची अट पुरी होते. म्हणून आंशिक फलांच्या कॅटेगरीपासून अपूर्णांकांच्या कॅटेगरीकडे एक फंक्टर जातो, जो वस्तूंना हात लावत नाही आणि ज्याच्या प्रतिमेत प्रत्येक अपूर्णांक येतो. म मधल्या एखाद्या लहान प्रांतावर जी दोन फले जुळतात ती या फंक्टरखाली एक होतात, बाकीची वेगळीच राहतात. विद्यार्थी या दोन रचना वेगवेगळ्या प्रकरणांत वाचतात आणि हा फंक्टर कोणी दाखवत नाही. माझ्या मते विषयाची गुरुकिल्ली तोच आहे.

७. (क्ष·क्ष)/क्ष आणि क्ष ही एकच की वेगळी?

बारावीच्या सराव परीक्षेत मी ‘क्ष शून्य नसताना’ हे शब्द न लिहिता वरखाली क्ष काटला आणि दोन गुण गमावले. परीक्षकांचे बरोबर होते, पण माझेही अगदीच चूक नव्हते, हे कळायला पुढे बरीच वर्षे लागली.

वास्तव संख्यारेषेवर पहिल्या राशीचा प्रांत शून्य वगळून आहे, दुसरीचा पूर्ण रेषा. आंशिक फले म्हणून ती वेगळीच. पण शून्य वगळलेली रेषा हा मूळ रेषेचा खुला आणि सघन भाग आहे, आणि अशा समावेशांना छेद मानले तर दोन्ही राशी त्या भागावर जुळतात, म्हणून अपूर्णांक म्हणून ती एकच. बैजिक भूमितीतली परिमेय चित्रणे याच दुसऱ्या रीतीने वागतात: सघन खुल्या भागावर जुळली की एक. ‘एकच की वेगळी’ हा वाद त्यामुळे राशींविषयी नसून कोणत्या कॅटेगरीत उभे राहून बोलतो आहोत याविषयी असतो.

८. संचांच्या कॅटेगरीत सर्व एकास-एक फलांना छेद मानले तर काय मिळते?

धुळीस मिळते. रिक्त संचापासून कोणत्याही संचाकडे जाणारे फल एकास-एक आहे, म्हणून तेही छेद ठरते. मग अ पासून ब कडे जाणारे कोणतेही दोन स्पॅन रिक्त संचावर जुळतात, सगळे सममूल्य होतात आणि प्रत्येक दोन वस्तूंमध्ये नेमका एक बाण उरतो. वलयात शून्याला छेद होऊ दिले की संपूर्ण वलय शून्य होते, तसेच हे. (भास्कराचार्यांचा खहर, म्हणजे शून्य छेदाची राशी, काही मिळवल्याने वा वजा केल्याने बदलत नाही असे ते सांगतात, कोसळणाऱ्या रचनेची ती जुनी चाहूल आहे असे मला नेहमी वाटते, पण यापेक्षा जास्त ताणू नये.)

त्याच निवडीने आंशिक फलांची कॅटेगरी मात्र धडधाकट राहते. अ पासून ब कडे जाणारे आंशिक फल म्हणजे अ पासून ‘ब आणि एक जास्तीचा बिंदू’ याकडे जाणारे पूर्ण फल. जिथे किंमत नाही तिथे जास्तीचा बिंदू द्यायचा. म्हणून ती कॅटेगरी एक बिंदू निश्चित केलेल्या संचांच्या कॅटेगरीशी सममूल्य ठरते.

९. प्रश्न ७ मधले सघन खुले समावेश सर्व संस्थितीय अवकाशांच्या कॅटेगरीत छेद म्हणून चालतात का?

नाही. संख्यारेषा, तिचा शून्य वगळलेला भाग आणि एका बिंदूच्या अवकाशापासून रेषेवरच्या शून्याकडे जाणारे फल घ्या. बिंदूचा सघन खुला भाग म्हणजे तो बिंदूच, आणि त्याला शून्य टाळून रेषेवर नेणे व तरीही शून्यावरच पोचवणे अशक्य आहे. म्हणजे प्रश्न ३ मधली ऊर यांची अट मोडली.

उपाय छेद बदलण्यात नाही, बाण कमी करण्यात आहे. फक्त खुली संतत फले ठेवली तर सघन खुल्या संचाची पूर्वप्रतिमा सघनच राहते: पूर्वप्रतिमेला न छेदणारा अरिक्त खुला संच असता तर त्याची प्रतिमा खुली, अरिक्त आणि मूळ सघन संचाबाहेर पडली असती, जे होऊ शकत नाही. बैजिक भूमितीत याच कारणासाठी अविभाज्य अवकाश आणि सघन प्रतिमेची चित्रणे घेतात. परिमेय चित्रणांचे संयोजन ‘कधी कधी होत नाही’ अशी जी तक्रार येते तिचे मूळ इथे आहे.

१०. एका पुस्तकात ‘डावे कलन’, दुसऱ्यात त्यालाच ‘उजवे’. कोणते बरोबर?

नावावर विसंबू नका. गाब्रिएल आणि झिसमन यांच्या डाव्या कलनात अपूर्णांक त*∘फ असा असतो, म्हणजे दोन बाण एका मधल्या वस्तूत येऊन मिळतात. या पानावरचे स्पॅन त्यांच्या हिशेबाने उजवे. काही लेखक नावे उलटी वापरतात. पुस्तक उघडले की बाण मधल्या वस्तूपासून निघतात की तिच्यात मिळतात तेवढे पाहावे. एखाद्या छ ला दोन्ही कलने लागू असली तर उत्तरे वेगळी येत नाहीत, कारण प्रश्न १ मधला वैश्विक गुणधर्म दोन्ही रचना पाळतात.

११. मूळ कॅटेगरी नव्या कॅटेगरीत जशीच्या तशी बसते का?

प्रश्न ३ मधल्या अटी असताना फ आणि ग हे दोन बाण नव्या कॅटेगरीत समान होतात ते छ मधला एखादा थ असा असला की फ∘थ = ग∘थ होते, तेव्हाच. म्हणून छ मधला प्रत्येक बाण एपिक (म्हणजे उजवीकडून काटता येणारा) असेल तर, आणि तरच, वेगळे बाण वेगळे राहतात. प्रश्न ८ मधला रिक्त संच एपिक नसलेला छेद होता, तिथे नुकसान का झाले ते यावरून दिसते.

अटीच नसतील तर केवळ काट मारता येणे पुरत नाही. अनातोली माल्त्सेव यांनी १९३७ मध्ये असा अर्धगट दाखवला की ज्यात दोन्ही बाजूंनी काट मारता येते, तरी तो कोणत्याही गटात बसत नाही. क्रमनिरपेक्ष अर्धगटांत असे होत नाही, म्हणून शाळेतल्या अनुभवावरून हा धोका कधी जाणवत नाही.

१२. ‘दोन वस्तूंमधले बाण संच बनवत नाहीत’ ही अडचण खरी की नावापुरती?

खरी. एका वस्तूवर येणारे छेद संचात न मावण्याइतके असू शकतात आणि मग अपूर्णांकही मावत नाहीत. छ मधले बाण मोनिक असून प्रत्येक वस्तूला उपवस्तूंचा संचच असेल तर चिंता नाही. अन्यथा प्रत्येक वस्तूसाठी छेदांचा असा एक संच दाखवावा लागतो की बाकीचा प्रत्येक छेद त्यातल्या एखाद्याने आणखी बारीक होतो.

१३. साखळी संकुलांत क्वासी-आयसोमॉर्फिझमना थेट छेद का मानत नाहीत?

कारण क्वासी-आयसोमॉर्फिझम, म्हणजे होमॉलॉजीवर आयसोमॉर्फिझम देणारे बाण, संकुलांच्या मूळ कॅटेगरीत प्रश्न ३ मधल्या अटी पुऱ्या करत नाहीत. आधी होमोटोपीने जुळणारे बाण एक मानायचे, मग त्या कॅटेगरीत अटी पुऱ्या होतात आणि व्युत्पन्न कॅटेगरी दोन पावलांच्या अपूर्णांकांनी लिहिता येते. १९६० च्या दशकात ग्रोथेंडिक यांचे शिष्य व्हर्दिए यांनी ही वाट बांधली. मधली पायरी गाळून थेट स्पॅन लिहिणारी उत्तरपत्रिका दर वर्षी एक तरी येते.

१४. स्पॅन आणि पुलबॅक यांचे नाव न घेता आंशिकतेविषयी बोलता येते का?

येते. रॉबिन कॉकेट आणि स्टीफन लॅक यांनी २००२ मध्ये मांडलेल्या रिस्ट्रिक्शन कॅटेगरीत प्रत्येक फ : अ → ब ला प(फ) : अ → अ हा बाण जोडलेला असतो, फ जिथे अर्थपूर्ण तिथे तो आयडेंटिटी असावा हा हेतू. नियम चार: फ∘प(फ) = फ; एकाच वस्तूवरून निघणाऱ्या फ आणि ग साठी प(फ) आणि प(ग) यांचा क्रम बदलता येतो; त्यांच्याचसाठी प(ग∘प(फ)) = प(ग)∘प(फ); आणि फ नंतर ग लागू होत असेल तर प(ग)∘फ = फ∘प(ग∘फ). चौथा नियम प्रश्न ५ मधल्या पावसाच्या उदाहरणावर वाचून पाहावा: ‘पर्जन्यमापक असलेले गावच घ्या’ ही चाळणी गाव विचारल्यानंतर लावली काय किंवा विद्यार्थी निवडतानाच लावली काय, तेच तिघे उरतात. त्यापूर्वी १९८८ मध्ये रॉबिन्सन आणि रोसोलिनी यांनी आंशिक फलांच्या कॅटेगरींचा पायाभूत अभ्यास केला होता. अशी प्रत्येक रिस्ट्रिक्शन कॅटेगरी प्रश्न ५ च्या धर्तीच्या एखाद्या कॅटेगरीत पूर्णपणे बसवता येते, त्यामुळे स्पॅन टाळल्याने काही हातचे सुटत नाही.

१५. प्रश्न ५ मध्ये डावा पाय मोनिक नसला, पण समानता आयसोमॉर्फिझमचीच ठेवली, तर?

मोनिक असताना दोन स्पॅनांमधला आयसोमॉर्फिझम असला तर एकच असतो, म्हणून तो विसरून ‘समान’ म्हणणे निर्धोक असते. मोनिकपणा सुटला की एका स्पॅनचे स्वतःशीच अनेक आयसोमॉर्फिझम निघू शकतात. ते पुसून टाकले तर कॅटेगरी बनते खरी, पण ती माहिती जाते, आणि राखायची तर बाणांमधले बाण मोजणारी बायकॅटेगरी लागते. मूळ रचनाच बायकॅटेगरी असताना छेद कसे उलटवायचे हे डोरेट प्रॉन्क यांनी १९९६ मध्ये मांडले. तिथे प्रश्न ३ मधला चौकोन समानतेऐवजी उलटवता येणाऱ्या दुसऱ्या पातळीच्या बाणाने पुरा होतो, आणि प्रश्न ४ मधली सममूल्यता बाणांवरून उचलून त्या दुसऱ्या पातळीवर न्यावी लागते.